पोलादबाबापुढं गाऱ्हाणं

कुवेतहून परत आल्यापासून कोल्हापुरात मला घरचं जेवण मिळालेलं नाही. रोज कुणी ना कुणी जेवायला बोलावतं आणि तांबड्या रश्श्याच्या एकेका वाटीला कुवेतचा एकेक किस्सा वसूल करतं. सांगून सांगून तिथला उन्हाळा इतका तापलाय की परवा सांगता सांगता माझ्याच अंगाची लाही झाली. म्हणून आता एकदाच लिहून काढतो. लिहिलेलं पुढं वाढत नाही म्हणतात. वाढवायचं ते मी आत्ताच वाढवून घेतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भाचा विजय तिकडं मीना अल-अहमदीच्या रिफायनरीजवळ एका कुवेती शेठच्या वर्कशॉपचा इन्चार्ज. "मामा, एकदा याच," असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी व्हिजिट व्हिसा आला. निघताना अक्का, म्हणजे विजयची आई आणि माझी थोरली बहीण, एक जड पुडकं घेऊन दारात उभी.

"बाळू, हे विजयच्या वर्कशॉपात लावायचं. आपल्या घरातल्या एकाही माणसानं पोलादबाबाशिवाय भट्टी पेटवलेली नाही."

"अक्के, ते मुसलमानी राज्य आहे. विमानतळावर देवांच्या तसबिरी काढून घेतात म्हणे."

"मग देव कुठं आहे हा?" अक्का म्हणाली. "बाबा आहे."

आता हा पोलादबाबा कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझे आजोबा संस्थानच्या कारखान्यात लोहार. विसावं शतक नुकतं लागलं होतं. अख्ख्या आळीत वाचता येणारा लोहार एकच, त्यामुळं दुपारी भाता थांबला की सगळे त्यांच्याभोवती बसायचे आणि आजोबा वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्या काळी वर्तमानपत्रांत अमेरिकेच्या पोलादसम्राटांच्या बातम्या यायच्या. कुणी कुणाची कंपनी गिळली, कुणाच्या वाड्यात सोन्याचे नळ, कुणी मेजवानीला घोड्यावर बसूनच जेवला. एकदा बातमी आली की सगळ्या गिरण्या एकत्र करून अब्जावधीची एकच पोलाद कंपनी झाली. लोहारांनी विचारलं, "अब्ज म्हंजे किती?" आजोबांनी कोळसा घेतला आणि भिंतीवर शून्यं काढायला सुरुवात केली. आमची भिंत संपली, शेजारच्या तांबटाची संपली, आणि शेवटचं शून्य पंचगंगेच्या घाटावर काढलं. मी लहानपणी ते पाहिलंय. पुरात गेलं.

त्यांतला एक सम्राट आजोबांचा लाडका. रेसिडेन्सीतल्या साहेबाच्या रद्दीत त्याचं चित्र मिळालं, ते त्यांनी चौकट करून भट्टीपाशी टांगलं. धुरानं आणि वर्षांनी त्या चित्राचं असं काही केलं की कोट गेला, टाय गेला, खुर्ची गेली. राहिली ती पांढरी दाढी आणि दोन शांत डोळे. मग कुणीतरी कामगारानं एका खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत त्यालाही कुंकू लावलं. आजोबांनी पाहिलं, मिशीत हसले आणि गप्प बसले. आमच्या घरातला मुरलेला खोडकरपणा तो हाच. तीन पिढ्यांत पोलादबाबाला नवस बोलले गेले, आणि खरं सांगतो, निम्मे तरी पावले.

विमानतळ

विमानाच्या दारात उभा राहिलो आणि कुणीतरी मिशीला कल्हई लावतंय असं वाटलं. एवढ्या उष्म्यात आमच्याकडं भट्टीतलं बीड वितळतं. तिथं माणसं कामाला जातात!

कस्टमच्या अधिकाऱ्यानं पुडकं सोडलं. चौकट उचलली. कपाळावरच्या कुंकवाच्या डागावर बोट ठेवलं.

"हू?"

"ग्रँडफादर," मी म्हणालो. जीभ माझी, बुद्धी देवाची.

"मुस्लिम? हिंदू? ख्रिश्चन?"

"फाउंड्री."

त्यानं एकदा दाढीकडं, एकदा माझ्या मिशीकडं पाहिलं. मोठ्या माणसांचा मान राखणारा देश तो. त्यानं चौकट स्वतःच्या हातानं परत गुंडाळली आणि छातीवर हात ठेवून मला वाट दिली. मी बाहेर आलो तर काचेतून सगळं पाहिलेल्या विजयनं पुडकंच धरलं.

"मामा, काय आणलंत?"

"तुझा पणजोबा."

महबूला

विजयचं घर महबूल्यात, समुद्राला लागून. आठ मजली इमारत, आणि जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळ्या राज्याची फोडणी. पहिल्यावर मलबारी खोबरेल, तिसऱ्यावर आंध्राचा ठसका, पाचव्यावर आमची मेधा, म्हणजे विजयची बायको, तिचा कांदा-लसूण मसाला. डोळे बांधून मला जिन्यात सोडा, मी नाकानं घर काढून देतो.

मेधानं पहिल्याच दिवशी झुबेदी केली. झुबेदी म्हणजे आपलं पापलेटच, पण अरबी खाऊन-पिऊन सुखी झालेलं. आमच्याकडं एका पापलेटात चार माणसं जेवतात. इथं एका माणसाला पापलेटानंच जेवून टाकावं अशी स्थिती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुवेती घरातून परातभर भात आला, वर अख्खी तंगडी आणि वाळवलेली लिंबं. हे लोक लिंबू काळं होईपर्यंत वाळवतात आणि मग त्याचा सगळा राग भातात उतरवतात. खाल्ल्यावर मी घटकाभर बोललो नाही. मेधानं घाबरून विजयला फोन केला.

"मामा गप्प आहेत," म्हणाली.

त्यांची धाकटी मात्र माझ्याशी इंग्रजीत बोलते. "आजोबा, इज इट ट्रू यू रेसल्ड अ टायगर?" मी म्हणालो, वाघ नव्हता बाळा, वाघीण होती. आपण उगीच मोठेपणा घेत नाही.

वाळवंटातलं लोखंड

शुक्रवारी सुट्टी. विजयनं गाडी शहराबाहेर काढली आणि वाळवंटात एका कुंपणापाशी उभी केली. मी उतरलो आणि पहिल्यांदाच, कुणी थाळी न वाढता, माझी बोलती बंद झाली.

आखाती लढाईतल्या मोडक्या रणगाड्यांचं मैदान होतं ते. रांगाच्या रांगा. जळालेले, उलटे पडलेले, तोफा वाकलेले, एकमेकांवर रचलेले. डोळा पोचेल तिथपर्यंत गंजाचा तांबडा रंग, आणि पलीकडं वाळू. मी जन्म लोखंडात काढला. भंगाराचा ढीग बघितला की आमचं मन आपोआप वजन काढतं. तिथं मनानं काटा टाकून दिला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या सगळ्या भट्ट्या शंभर वर्षं पेटत्या ठेवल्या तरी हे वितळून संपलं नसतं.

वारा सुटला की त्या पोकळ लोखंडातून एक आवाज येई. घुमटातून येतो तसा. मला आजोबांचं ते वाचन आठवलं. हे पोलादही कधीतरी कुणीतरी ओतलं असणार. पहिला रस भट्टीतून बाहेर आला तेव्हा कुठल्या तरी देशात टाळ्या पडल्या असणार, मालकाचा फोटो छापून आला असणार. सम्राटांच्या बातम्या भट्टीपाशी संपतात. इथपर्यंत कुणी वार्ताहर येत नाही.

मी हात पुढं करून एका रणगाड्याला लावला. चर्र झालं! तळव्याला फोड आला, आणि लांबून पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. "त्याला सांग," मी विजयला म्हणालो, "की मी फक्त नाडी बघत होतो."

मीना अल-अहमदी

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप. वाटेत रिफायनरी लागते. आकाशात मशाली पेटलेल्या, दिवसाउजेडी, आणि खाली नळ्यांचं असं जाळं की जिलबी करणाऱ्या हलवायानं साष्टांग नमस्कार घालावा. त्यातल्या एका युनिटचं शटडाऊन होतं. म्हणजे ते युनिट काही आठवडे बंद ठेवून दुरुस्ती, आणि त्या आठवड्यांत रात्र नाही, दिवस नाही, तीन पाळ्या. जास्त दाबाच्या नळ्यांचं वेल्डिंग करायची परवानगी विजयच्या वर्कशॉपात फक्त तिघांना. एक इजिप्तचा महमूद, एक केरळचा युसुफ आणि एक आपल्या मालवणकडचा परब. एकेक पाळी एकेकाची.

परब पन्नाशीचा, बारीक, डोळ्यांभोवती वेल्डिंगच्या चष्म्याचे कायमचे वळ. माझी ओळख झाली तशी त्यानं हात धरून बाजूला नेलं.

"मामानू, तुमी इन्चार्ज सायबांचे मामा. वायच शब्द टाका मां. माका रजा व्हयी. चेडवाचा लगीन आसा, तुळशीच्या लग्नामागसून."

"मग दे ना अर्ज."

"दिलंय. शेठ म्हणता, बुकरा."

बुकरा म्हणजे उद्या. कुवेतमध्ये हा शब्द विमानतळावरच हातात देतात.

"गेलो म्हयनोभर रोज बुकराच चल्लो हा," परब म्हणाला. "चेडू जन्माक इला, मी हय होतंय. धावी पास झाला, मी हयच. आता कन्यादानाक पण बापूस नको?"

विजयला विचारलं. तो कसनुसा झाला. "मामा, माझ्या हातात असतं तर कालच सोडला असता. त्याचा पासपोर्ट शेठच्या कपाटात. शेठ वाईट नाही, पण शटडाऊनमध्ये तिघांतला एक गेला तर काम थांबतं. आणि ती तसबीर इथं नका लावू, पाया पडतो. घरात पूजा केली तर कुणी विचारत नाही, पण कामावर चालत नाही. पलीकडच्या वर्कशॉपात एकाला याच कारणावरून पुढच्या विमानात बसवला."

मी तसबीर स्टोअरमध्ये, गॅसच्या नळकांड्यांच्या मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवली. परबनं ती ठेवताना पाहिली आणि कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी "पोलादबाबा" एवढंच सांगितलं. ही माझी चूक नव्हे, बाबांचं प्रारब्ध.

खंडेनवमी

नवमीला मी दुपारी विजयचा डबा घेऊन वर्कशॉपात गेलो. जेवणाची सुट्टी होती, पण कुणी जेवत नव्हतं. स्टोअरमधून घोळका बाहेर आलेला. लेथला कुंकू, क्रेनच्या आकड्याला झेंडू (कुवेतमध्ये झेंडू कुठून आणला, ते त्या मालवणी लोकांनाच ठाऊक), आणि मधोमध एका पिंपावर आमचे पोलादबाबा, गळ्यात हार घालून. पुढं नारळ. महमूद आणि युसुफ आपली पाळी नसतानाही आलेले, कडेला उभे राहून, पाहुण्याच्या लग्नात उभं राहावं तसे, अदबीनं बघत होते.

परबनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा पोलादबाबा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. पत्रे थरारले.

"आज खंडेनवमीच्या दिवशी तुझ्या लेकरांनी हो नारळ तुझ्यापुढे ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या वर्कशॉपात जी काय इडापिडा असात, ती वाळवंटापलीकडे घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि शेठच्या तोंडात जो काय बुकरा बसलेलो आसा, तो भायर काढ, नि माका चेडवाच्या लग्नाक रजा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ये क्या चल रहा है?"

हा आवाज दारातून आला. पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी, सत्तरी ओलांडलेला शेठ अबू फैसल. शटडाऊनचं काम कुठवर आलं ते बघायला आला होता. याला हिंदी झकास येतं. त्याचा बाप मोत्याच्या व्यापारात वर्षाचे सहा महिने मुंबईला असायचा आणि याला बरोबर न्यायचा. मालवणी येत नव्हती, पण "शेठ" आणि "बुकरा" हे दोन शब्द त्याला कुठल्याही भाषेत कळले असते.

त्याच्यामागून काम दाखवायला आलेला विजय दारातच थबकला. परब सुट्टी मागायला गेला होता आणि ती आता कायमची मिळणार, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

शेठनं काठी तसबिरीकडं केली. "ये कौन है?"

"बाबा है शेठ," परब म्हणाला. त्यानं नजर खाली केली नाही. "लोहे का बाबा. साहब का मामा लाया."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आता बघा पेच. साधू म्हणावं तर कामावर पूजा केली म्हणून परब विमानात. खरं सांगावं तर परबचा बाबा त्याच्या डोळ्यांदेखत जाणार. माझ्याकडं त्या क्षणी निदान वीस थापा तयार होत्या, एकाहून एक सरस. त्या बाबाच्या शांत डोळ्यांसमोर एकही उठेना.

"शेठ," मी म्हणालो, "ये साधू नहीं है. शेठ है. तुम्हारे जैसा. अमेरिका का, पोलाद का."

परबकडं न बघता मी सगळं सांगितलं. विणकराचा पोरगा, घरी खायला नाही म्हणून समुद्र ओलांडून परक्या मुलुखात गेला. पोरवयात मजुरीला लागला. मग पोलाद, मग आणखी पोलाद, मग सगळं विकून जगभर वाचनालयं बांधली. माझे हात उडत होते. शेठची काठी हळूहळू खाली आली.

"वो किताबवाला?" तो म्हणाला. "मेरा बाप बोलता था! बंबई में दलाल रोज अखबार पढ़ता, मोती का भाव के बाद इसका बात सुनाता." आणि तो असा काही हसला की डोक्यावरचा काळा गोफ तिरपा झाला. "शेठ को हार डाला? मैं ज़िंदा इधर खड़ा है, और तुम कागज़ का शेठ को हार डालता है?"

मग परबकडं वळला. "क्या माँगा इससे?"

"छुट्टी. लड़की का शादी है."

"मेरे से क्यों नहीं माँगा?"

"माँगा ना शेठ. आप बोलता बुकरा," परब म्हणाला. "ये कमसेकम कुछ नहीं बोलता."

कुणीतरी मागं खोकल्यासारखं करून हसलं. शेठ हसला नाही. तो माझ्याकडं आला.

"तुम बहुत बोलता है. एक बात सच बोलो. ये छुट्टी देता था?"

आजोबांनी वर्तमानपत्रातून तीही जुनी हकीकत वाचून दाखवली होती. त्या दिवशी भट्टीवर घण कुणी उचलला नाही म्हणतात.

"उसकी भट्टी कभी बुझती नहीं थी शेठ," मी म्हणालो. "बारा घंटे की पाळी. हफ्ते में सात दिन. साल में एक छुट्टी. हड़ताल हुई तो गोली चली."

आयुष्यभर मी सांगितलेल्या गोष्टींत कुणाला खरी न वाटावी अशी ही एकच, आणि ती खरी होती.

परब तसबिरीकडं बघत होता.

"वर्साक एक?" तो हळूच म्हणाला. "मगे ह्याच्याकडे मी कित्याक मागी होतंय?"

शेठ एका खोक्यावर बसला. खिशातून मण्यांची माळ काढली. "मैं देता है," म्हणाला. "लेकिन इसका ड्यूटी कौन करेगा? तीन आदमी का परमिट है. रिफाइनरी मेरे को नहीं छोड़ेगा. बोलो, इन्चार्ज."

विजयनं बोटांवर हिशोब केला. पाळ्या तीन, माणसं दोन. त्या अडचणीला थाप चालत नव्हती.

तेव्हा कडेला उभा महमूद पुढं आला. त्यानं घड्याळ नसलेल्या मनगटावर बोट ठेवलं. "मैं बारा घंटा." युसुफकडं बघितलं.

युसुफनं मान डोलावली. "बाक़ी बारा मैं."

बस. इतकंच. जसं कुणी चहा सांगावा. बाहेर सावलीतसुद्धा लोखंडाला हात लावता येत नव्हता, त्या उष्म्यात, चामड्याचं जाकीट घालून, ज्वाळेसमोर बारा तास, शटडाऊन संपेपर्यंत. तेच बारा तास, जे आजोबांच्या वर्तमानपत्रात जुलूम म्हणून छापून आले होते. इथं दोन माणसांनी ते परबच्या मुलीला आहेर म्हणून दिले होते. मी रिफायनरी पाहिली, रणगाडे पाहिले. कुवेतमध्ये एवढं मोठं मी काही पाहिलं नाही. याला मी एका शब्दानंही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

शेठ उठला. "पासपोर्ट ले जा," परबला म्हणाला. "बुकरा नहीं. अभी. और ये हार-वार पाँच मिनट में निकालो, मैंने कुछ देखा नहीं." दारापर्यंत गेला, थांबला, काठी टेकून मागं वळला. "लड़की का नाम क्या है?"

"सुहासिनी."

त्यानं ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही, आणि हात हलवून गेला.

परबनं नारळ फोडला. पहिलं खोबरं महमूदला, दुसरं युसुफला. दोघांनी प्रसाद म्हणून नाही, परबनं दिलं म्हणून खाल्लं. मग विजयला, मला, सगळ्यांना. हार काढला. तसबीर स्टोअरमध्ये नेण्यासाठी मी उचलली, तर त्यानं थांबवलं आणि चौकटीच्या कडेवर खोबऱ्याचा एक बारीकसा तुकडा ठेवला.

"अरे, तो वर्षाला एकच सुट्टी देणारा," मी म्हणालो. "त्याला कशाला?"

"ऱ्हवांदे, मामानू," परब म्हणाला. "तो पण घर सोडून लांब कामाक गेल्लो मां."